सोमवारची सागोती: भाजीच्या हॉटडॉगचा कोकणी पूर्वेतिहास

२६ जून १९१८. पहिलं महायुद्ध अजून चालू आहे. जर्मनी आणि ब्रिटन एकमेकांच्या जिवावर उठले आहेत. आणि त्या दिवशी ब्रिटनमध्ये एका जर्मन माणसाच्या सॉसेजला पेटंट मिळतं.

त्या माणसाचं नाव कोनराड आडेनाउअर. पुढे १९४९ साली तो पश्चिम जर्मनीचा पहिला चॅन्सलर झाला, पण तेव्हा तो कोलोन शहराचा महापौर होता. ब्रिटिश आरमाराने समुद्र अडवून धरल्यामुळे जर्मनीत अन्न पोचत नव्हतं, शहरं उपाशी होती. आडेनाउअरने मांसाच्या जागी सोयाबीनचं पीठ घालून सॉसेज तयार केलं आणि जर्मन पेटंट कार्यालयाकडे अर्ज केला. तिथे नकार मिळाला. ज्यात मांस नाही त्याला जर्मन नियमांत सॉसेज म्हणता येत नव्हतं. मायदेशाने नाकारलेली गोष्ट शेवटी शत्रूने मान्य केली.

हे वाचताना मला आमची कणकवली आठवली. आमच्याकडे ‘सागोती’ म्हणजे मटणाचा किंवा कोंबडीचा वाटप लावलेला झणझणीत रस्सा. पण पावसाळ्यात रानात अळंबी उगवली की त्याच वाटपात अळंबी पडतात आणि लोक सरळ ‘अळंब्याची सागोती’ म्हणतात. यात मांस कुठे आहे, असं विचारणारं कुठलंही कार्यालय सिंधुदुर्गात नाही.

सध्या मोबाईल उघडला की घरी केलेल्या ‘प्लान्ट-बेस्ड’ हॉटडॉगच्या रील्स दिसतात. कुणी अख्खं गाजर उकडून पावात घालतं, कुणी राजमा आणि बीट वाटून त्याच्या लांब नळ्या वळतं. खाली कॉमेंटमध्ये भांडण ठरलेलं असतं. एक म्हणतो, मांस सोडलंय तर मांसाची नक्कल कशाला? दुसरा म्हणतो, हे सगळं परदेशी फॅड आहे. या दोन्ही वाक्यांना इतिहासात उत्तर सापडतं, आणि त्यातलं अर्धं उत्तर आपल्याच चुलीवर आहे. ते जरा नीट उलगडून बघू.

नावातच संशय

आधी खुद्द हॉटडॉगकडे बघू. फ्रँकफर्ट आणि व्हिएन्ना या शहरांच्या नावाने ओळखली जाणारी बारीक सॉसेज जर्मन स्थलांतरितांनी एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत नेली. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या किनाऱ्यावर चार्ल्स फेल्टमन नावाच्या जर्मन बेकरीवाल्याने ती पावात घालून विकली. त्याच कोनी आयलंडवर १९१६ साली नेथन हँडवर्कर या पोलंडहून आलेल्या माणसाने स्वतःची गाडी टाकली आणि फेल्टमनकडे दहा सेंटला मिळणारं सॉसेज पाच सेंटला विकायला सुरुवात केली. हॉटडॉग हे गरिबाचं, घाईतलं, उभ्याने खायचं जेवण झालं.

आणि ‘डॉग’? या स्वस्त सॉसेजमध्ये नक्की कशाचं मांस असतं याबद्दल लोकांना दाट शंका होती. कुत्र्याचं असेल, असा विनोद चालायचा. १८९०च्या दशकात कॉलेजच्या मासिकांतून आणि वर्तमानपत्रांतून हे टोपणनाव रुळलं. १९०६ साली अप्टन सिंक्लेअरची ‘द जंगल’ ही कादंबरी आली. शिकागोच्या कत्तलखान्यांत सॉसेजमध्ये काय काय ढकललं जातं याची तिच्यातली वर्णनं वाचून अमेरिका इतकी हादरली की त्याच वर्षी मांस तपासणीचा कायदा झाला.

म्हणजे ज्या पदार्थाची आपण ‘नक्कल’ करतोय म्हणून वाद घालतो, त्याच्या नावातच आतल्या मालाबद्दलचा अविश्वास आहे. हॉटडॉगमध्ये मांसाचा आकार, तंतू, हाड, काहीच उरलेलं नसतं. सगळं वाटून त्याचा लगदा केलेला असतो. त्याची ओळख पटते ती धूर, मीठ, लसूण, आंबटपणा, चरबी आणि वर पसरलेल्या मोहरीच्या चटणीमुळे. यातलं धूर, मीठ, लसूण, व्हिनेगर आणि मोहरी कुठल्याच प्राण्याची नाही, आणि चरबीचं काम तेलही करतं.

डॉक्टर, महापौर आणि तेलाच्या गिरण्या

बिनमांसाच्या ‘मांसा’चा आधुनिक कारखाना सुरू झाला तो अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक गावी. तिथल्या आरोग्यधामाचा प्रमुख डॉ. जॉन हार्वे केलॉग. हाच तो कॉर्नफ्लेक्सवाला. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथात तो वाढला होता आणि मांसाहाराला त्याचा कडक विरोध होता. १८९६ साली त्याने शेंगदाण्यापासून ‘नटोज’ नावाचा पदार्थ काढला. पुढे गव्हातलं ग्लुटेन मिसळून ‘प्रोटोज’ आलं. डब्यात भरलेलं, कापून खायचं, मांसासारखं. याच पंथाच्या लोकांनी पुढे डबाबंद शाकाहारी सॉसेजही बाजारात आणली. आपल्याला हे सगळं लांबचं वाटेल, पण या पंथाचं स्पायसर कॉलेज १९४२ साली पुण्यात आलं आणि आजही तिथे आहे. त्यांच्या बेकरीचा ब्राऊन ब्रेड आणि शेंगदाण्याचं बटर पुणेकरांच्या ओळखीचं आहे.

केलॉगला मांस नकोच होतं. आडेनाउअरला हवं होतं, पण मिळत नव्हतं. एकीकडे तत्त्व, दुसरीकडे टंचाई. पाश्चात्त्य देशांतल्या पर्यायी मांसाचा इतिहास बराचसा या दोन वाटांनी चालतो.

तिसरी वाट तेलाच्या गिरणीतून निघाली. सोयाबीनचं तेल काढलं की मागे प्रथिनांनी भरलेली पेंड उरते. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या एका धान्य कंपनीने या पेंडीचं पीठ दाबाखाली, उष्णता देऊन, बारीक छिद्रातून बाहेर ढकलायचं तंत्र बसवलं. बाहेर पडताना आतल्या पाण्याची वाफ होते, पीठ फुगतं आणि त्याला मांसासारखे थर पडतात. आपल्या किराणा दुकानातले सोया चंक्स ते हेच.

महाराष्ट्राचा सोयाबीनशी संबंध त्याहूनही जुना आहे. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी आश्रमवासीयांच्या जेवणात सोयाबीनचा प्रयोग केला आणि ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिलं. त्यांना त्यात मांसाची नक्कल करायची नव्हती, गरिबाच्या ताटात स्वस्त प्रथिनं हवी होती. आज विदर्भ-मराठवाड्यात मैलोन् मैल सोयाबीन दिसतं, पण ते मुख्यतः तेलाच्या आणि पेंडीच्या बाजारासाठी पिकतं.

या तिन्ही वाटांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. ‘खरं’ म्हणजे मांस, आणि दुसरं सगळं त्याच्याऐवजीचं. मांस हा मूळ प्रोग्रॅम आणि भाजी ही त्याची पायरेटेड कॉपी. आमच्याकडे मात्र हा हिशोब उलटा होता.

शिवराक

मालवणीत ‘शिवराक’ असा शब्द आहे. अर्थ शाकाहारी. गोव्याच्या कोंकणीतही तो आहे. पण तो वापरला कसा जातो ते बघा. “आज सोमवार, शिवराक आसा.” आमच्या घरात हा शब्द माणसापेक्षा दिवसाला जास्त चिकटतो. सोमवार शिवराक. कुणाकडे गुरुवार, कुणाकडे शनिवार, घरच्या देवाप्रमाणे. श्रावण शिवराक. गणपती घरात असेपर्यंत शिवराक. म्हाळ, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध, शिवराक. गावच्या देवीच्या जत्रेआधीचे दिवस शिवराक. आणि मधल्या वारांना तोच माणूस बांगडा खातो, कोंबडी-वडे खातो. काही घरांत तर गौरीलासुद्धा तिखटाचा नैवेद्य लागतो.

कायम शाकाहारी घरं कोकणात होती आणि आहेत. पण गावातल्या मोठ्या वर्गासाठी शाकाहार हा वार होता. इंग्रजीत ‘व्हेजिटेरियन’ ही माणसाची ओळख झाली ती एकोणिसाव्या शतकात. १८४७ साली इंग्लंडमध्ये रॅम्सगेटला व्हेजिटेरियन सोसायटी स्थापन झाली आणि त्या शब्दाला सभासदत्व मिळालं. एकदा ओळख झाली की निष्ठेचा प्रश्न येतो. मग तू आत की बाहेर? मांसासारखं दिसणारं का खातोस? दिवसाला असला प्रश्न कुणी विचारत नाही. सोमवार संपतो आणि मंगळवार येतो.

दुसरी गोष्ट पैशाची. जुना रत्नागिरी जिल्हा, ज्यातून १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा झाला, मुंबईच्या मनिऑर्डरवर चालणारा जिल्हा म्हणून ओळखला जायचा. कोंबडी पाळायची ती अंड्यांसाठी, पाहुण्यासाठी आणि देवाच्या मानासाठी. बकरा सणाला किंवा नवसाला. मासे किनाऱ्यावर मुबलक, पण कणकवली समुद्रावर नाही. मालवण इथून चाळीसेक किलोमीटर. बर्फाच्या आणि चांगल्या रस्त्याच्या आधी इथपर्यंत पोचायचे ते जास्त करून सुके मासे. त्यात पावसाळ्यात समुद्र बंद. आजही राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारीला बंदी असते.

म्हणून ‘मांसाला पर्याय’ हा शब्दच इथे अडखळतो. वर्षाच्या बहुतेक दिवसांचं जेवण भाजी, कडधान्य, भात आणि पेज हेच होतं. सागोती हा अपवाद होता. पर्याय म्हणायचंच तर कोंबडी हा काळ्या वाटाण्याला पर्याय होता, तोही वर्षातून काही वेळा.

वाटप तेच

काळा वाटाणा बाहेरच्यांना फारसा माहीत नसतो. बारीक, काळपट-तपकिरी, सालीला चिवट. रात्रभर भिजवल्याशिवाय शिजत नाही. त्याचं सांबारं आणि सोबत वडे किंवा आंबोळ्या, हे लग्नात, म्हाळात, जत्रेच्या जेवणात ठरलेलं. कणकवलीत हायवेवरच्या कुठल्याही जुन्या खानावळीत बसा. एका टेबलावर कोंबडी-वडे असतील, बाजूच्या टेबलावर काळे वाटाणे-वडे. वडा तोच. आणि रश्शाचा वास डोळे मिटून घेतलात तर ओळखायला क्षणभर लागेल, कारण वाटपही तेच.

वाटप म्हणजे कांदा आणि खोबरं तव्यावर खरपूस भाजून, लसूण-आल्याबरोबर पाट्यावर किंवा मिक्सरात गंधासारखं वाटलेलं. त्यात पडतो मालवणी मसाला. मिरच्या, धणे, बडीशेप, लवंग, दालचिनी, दगडफूल असं सगळं भाजून पावसाच्या आधी, एप्रिल-मेमध्ये वर्षाचा करून ठेवायचा. नैवेद्याचं जेवण असेल तर कांदा-लसूण गाळायचा, खोबरं आणि मसाल्यावर भागवायचं.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर वाटप हे फंक्शन आहे. त्याला कोंबडी द्या, अळंबी द्या, काळा वाटाणा द्या, फणस द्या. आतलं काम बदलत नाही, फक्त इनपुट बदलतो. आणि चव बरीचशी फंक्शनमध्ये असते. यामागे रसायन आहे. मांस भाजताना जो तपकिरी रंग आणि खमंग वास येतो, तो प्रथिनं आणि साखर यांच्यातल्या एका प्रक्रियेमुळे. तिला मायार अभिक्रिया म्हणतात. कांदा आणि खोबरं खरपूस भाजलं की तीच प्रक्रिया होते. ‘मटणासारखा वास’ म्हणून आपण जो ओळखतो, त्यातला मोठा वाटा मटण पातेल्यात पडायच्या आधीच तयार झालेला असतो.

इनपुटची यादी मोठी आहे. फणसाची कुयरी, म्हणजे कोवळा फणस. शिजवून ठेचला की तंतू सुटतात. कोवळ्या फणसाचं हे रूप सगळीकडच्या लोकांना दिसलं आहे. बंगालीत त्याला ‘गाछपाठा’ म्हणतात, म्हणजे झाडावरचा बोकड. चीनमध्ये दहाव्या शतकातल्या एका पुस्तकात टोफूला लोक ‘छोटं मटण’ म्हणत अशी नोंद आहे. थट्टा सगळीकडे सारखीच. नीरफणसाची, सुरणाची, वांग्याची कापं सुरमईच्या तुकडीसारखीच हळद-तिखट लावून, रव्यात घोळवून तव्यावर सोडतात. फाल्गुन-चैत्रात ओल्या काजूगरांची उसळ. काजूच्या हिरव्या बीच्या सालीतला चीक हात भाजतो, म्हणून बाया हाताला राख लावून गर काढतात. तेवढे कष्ट आहेत म्हणूनच ओले गर बाजारात एवढे महाग मिळतात.

‘हे आपलं, ते परदेशी’ म्हणणाऱ्यांसाठी एक तपशील. काजू ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणलेला. मिरचीही त्यांच्याच जहाजांतून आली. नीरफणस पॅसिफिक बेटांवरचा. हे तिन्ही काढून टाकले तर ‘अस्सल मालवणी’ थाळीत किती उरेल ते मोजून बघा. आमच्या खालच्या अंगाला, बांद्याच्या पलीकडे गोव्यात, पोर्तुगीजांचं शौरिसू माडाच्या व्हिनेगरात आणि मिरचीत मुरून गोंयकारांचं चोरिस झालं. ते पावात घालून खाल्लं की झाला चोरिस-पाव. कणकवलीला सर्वात जवळचा हॉटडॉग हाच. आता तिथे सोयाबीनचं चोरिसही मिळतं, कारण तिथेही चव मिरची-व्हिनेगर-लसणाच्या मुरवणात आहे.

पानात गुंडाळलेलं

चवीचं झालं. आकाराचं काय? सॉसेज म्हणजे शेवटी एक नळी आहे. ती बांधून ठेवते कोण?

मांसाच्या सॉसेजमध्ये दोन गोष्टी काम करतात. मिठामुळे मांसातलं मायोसिन नावाचं प्रथिन सुटं होतं आणि गरम केल्यावर जाळ्यासारखं घट्ट बसतं. आणि बाहेरून आवरण असतं, परंपरेने प्राण्याच्या आतड्याचं. ही युक्ती फक्त युरोपची नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात आतड्यात सारण भरून निखाऱ्यावर भाजायचा पदार्थ आहे. त्याच ग्रंथात डाळी वाटून केलेले वडेही आहेत. एकाच राजाच्या स्वयंपाकघरात दोन्ही.

भाजीत मायोसिन नसतं. म्हणून भाजीचं सॉसेज तव्यावर फुटतं, ही रील्सखालची सर्वात मोठी तक्रार. याचं उत्तर आपण शतकानुशतकं खातो आहोत. अळुवडी.

नीट बघा. अळूच्या पानावर बेसन, चिंच किंवा कोकम, गूळ, तिखट यांचं मिश्रण फासायचं. पानावर पान ठेवायचं. घट्ट गुंडाळून लांब वळकटी करायची. वाफवायची. पूर्ण गार होऊ द्यायची. कापायची. मग तळायची. बेसनातली प्रथिनं आणि पिष्ट वाफेवर घट्ट होतात, मायोसिनचं काम करतात. पान आवरण बनतं. आंबट घालण्यामागे चवीइतकंच घसा खाजू नये हे कारण आहे. कोथिंबीरवडीचा लांब उंडा हेही तेच तंत्र, फक्त पानाशिवाय.

आता आवरण. आजच्या कारखान्यातल्या हॉटडॉगला बहुतेक वेळा साल नसते. १९२५च्या सुमारास अर्विन फ्रॉइंड या शिकागोच्या माणसाने सेल्युलोजची नळी वापरात आणली. सारण तिच्यात भरायचं, शिजवायचं, घट्ट झालं की नळी सोलून फेकायची. सेल्युलोज म्हणजे वनस्पतीच्या पेशींची भिंत. म्हणजे कारखान्यातला मांसाचा हॉटडॉगही वनस्पतीच्या आवरणातच शिजतो. आणि आपण नागपंचमीला काय करतो? तांदळाच्या पिठीचे पातोळे हळदीच्या पानात दुमडून वाफवतो, शिजले की पान सोलून काढतो. साचा म्हणून पान वापरायचं आणि त्याचा वास मागे ठेवायचा. फ्रॉइंडची नळी वास देत नाही एवढाच फरक.

शहरांनी यात भर घातली. नेल्सन वांग यांनी १९७५ साली मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये चिकन मंचुरियन पहिल्यांदा केलं असं सांगितलं जातं. काही वर्षांत कोंबडीच्या जागी किसलेला कोबी आणि गाजर आलं, कॉर्नफ्लॉवरने बांधलं गेलं आणि व्हेज मंचुरियन गावोगावच्या चायनीजच्या गाडीवर पोचलं. भाजीच्या गोळ्यांनी मांसाची जागा घेतल्याचं हे देशातलं सर्वात यशस्वी उदाहरण असावं. त्याला ‘प्लान्ट-बेस्ड मीट’ म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

घरी करायचं तर

दोन रस्ते आहेत.

पहिला गाजराचा, सोपा. पावाच्या लांबीची, सारख्या जाडीची गाजरं सोलून मिठाच्या पाण्यात उकडा. सुरी आत जावी, पण गाजर वाकू नये. सोया सॉस, व्हिनेगर, ठेचलेला लसूण, मिरी, थोडी मोहरीची पूड आणि बेडगी मिरचीचं तिखट यांच्या मिश्रणात रात्रभर फ्रीजमध्ये मुरवा. दुसऱ्या दिवशी तव्यावर चांगले डाग पडेपर्यंत भाजा. धुरासाठी बाटलीतला अर्क नको. पातेल्यात मध्ये वाटी ठेवून लाल निखारा घाला, वर चमचाभर तेल, लगेच झाकण. पाच मिनिटांत धुंगार लागतो. आमच्याकडे निखारा करवंटीचा असतो, तो सर्वात चांगला. हे छान लागतं, पण पोट भरत नाही. गाजरात प्रथिनं जवळजवळ नाहीत.

दुसरा रस्ता कोकणी. वाटीभर काळे वाटाणे रात्रभर भिजवून मऊ शिजवा आणि पाणी पूर्ण निथळा. कुयरीचे तुकडे उकडून, ठेचून, फडक्यात घट्ट पिळा. दोन्ही एकत्र भरड वाटा. गुळगुळीत केलंत तर पुरण होईल, दाताला काही लागणार नाही. कांदा-खोबऱ्याचं वाटप अजिबात पाणी न घालता वाटा. मालवणी मसाला, मीठ, चमचाभर कोकमाचं आगळ, भाजलेलं बेसन आणि थोडी तांदळाची पिठी घाला. मिश्रण हाताला न चिकटता वळलं गेलं पाहिजे. हळदीच्या किंवा शेकवलेल्या केळीच्या पानात लांब नळ्या वळून टोकं बांधा. वीस-पंचवीस मिनिटं वाफवा. मग थांबा. पूर्ण गार झाल्याशिवाय पान सोडू नका. गरम असताना पिष्ट सैल असतं, गार होताना ते घट्ट बसतं. अळुवडी आदल्या रात्री वाफवून ठेवतात ती याचसाठी. शेवटी खोबरेल तेलावर सगळ्या बाजूंनी परता, पावात घाला, वर कांदा आणि सोलकढीऐवजी कोकमाची आंबट-गोड चटणी.

कुयरी आणि वाटाणा दोन्ही का? कुयरी तंतू देते, पण तिच्या शंभर ग्रॅममागे प्रथिनं दोन-तीन ग्रॅमच. सुक्या वाटाण्यात वीस ग्रॅमच्या वर. फणसाला ‘शाकाहारी मटण’ म्हणून पाकिटात विकणारे ही गोष्ट मोठ्या अक्षरात छापत नाहीत. जुन्या स्वयंपाकात कुयरीच्या भाजीत काळे वाटाणे घालतात. कोष्टक बघून नाही, पण हिशोब जुळतो.

नावाचं भांडण

आडेनाउअरचं भांडण मिटलेलं नाही. वनस्पतीच्या पदार्थाला ‘सॉसेज’, ‘बर्गर’ म्हणायचं की नाही यावर युरोपात अजून वाद घातले जातात. आपल्याकडे २०२२ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आणि हिरवं चिन्ह आणलं. ग्राहकाला आत काय आहे ते कळलं पाहिजे, हे बरोबरच आहे. हॉटडॉगच्या नावातला विनोद त्यातूनच आला होता.

पण लेबलच्या बाहेर एक मोठी गोष्ट पणाला लागली आहे. ताटातल्या पदार्थावरून माणसाची जात, धर्म, पावित्र्य ठरवायची घाई वाढली आहे. भाड्याने घर शोधणाऱ्या माझ्या वयाच्या कुणालाही विचारा. ‘प्युअर व्हेज’ हे आता जेवणाचं वर्णन राहिलेलं नाही, ती सोसायटीच्या गेटवरची चाळणी झाली आहे. दुसऱ्या टोकाला, भाजी खाणाऱ्याला हसणारेही आहेत. दोघांनाही माणसावर कायमचा शिक्का हवा आहे.

शिवराक या शब्दाने तो शिक्का मारला नव्हता. एकाच घरात, एकाच मसाल्यावर, सोमवारचं आणि रविवारचं जेवण व्हायचं. देवाला जे सोडलं ते मांस, चव नव्हे. म्हणून अळंब्याची सागोती खाताना कुणाला आपण ढोंग करतोय असं वाटलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी बांगडा खाताना आपण बाटलो असंही नाही. त्याचबरोबर पदार्थाचं नावही लपवलेलं नव्हतं. कुयरीची भाजी, काळ्या वाटाण्याचं सांबारं, नीरफणसाची कापं. जे आहे तेच नावात. ज्याला सागोती म्हटलं त्याच्याही आधी ‘अळंब्याची’ लावलेलं.

गाजराच्या हॉटडॉगवर भांडणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं. मांस सोडून मांसाची चव घेण्यात काही खोटं नाही, कारण ती चव पूर्णपणे मांसाची कधीच नव्हती. आणि ही कल्पना परदेशातून यायची वाट कुणी बघितली नाही. फक्त हे वाटप करणारे हात आता साठी-सत्तरीचे आहेत, आणि मसाल्याचं प्रमाण बहुतेक घरांत कुठे लिहिलेलं नाही. पुढच्या मे महिन्यात मसाला भाजायला बसतील तेव्हा शेजारी वजनकाटा आणि मोबाईल घेऊन बसा. कुयरी त्याआधी, मार्चमध्येच उतरवायला लागेल. एप्रिलनंतर गरे धरतात आणि मग तो फणस भाजीचा राहत नाही.